फ्रेंचमधले जवळजवळचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच शिकवायला लागल्यापासून दर वर्षी मला तेच प्रश्न विचारले जातात, आणि दर वर्षी ते मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडं बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेनं फ्रेंचकडं जातात. वाक्य मनात मराठीत उगवतं, त्याचं इंग्रजी होतं आणि त्या इंग्रजीचं फ्रेंच. मधल्या मुक्कामात नेमके बारकावे सांडतात. मराठीत ते असतात, फ्रेंचमध्येही असतात, फक्त मधल्या भाषेत नसतात. म्हणून खालची उत्तरं शक्य तिथं थेट मराठीवरून दिली आहेत. फ्रेंच शब्द उच्चाराच्या जवळ जातील अशा बेतानं देवनागरीत लिहिले आहेत. उच्चार मात्र कानानंच शिकायचा.

दोन फ्रेंच शब्दांचा अर्थ अगदी तंतोतंत एकच असतो का?

जवळजवळ कधीच नाही. १७१८ साली गाब्रिएल जिरार नावाच्या धर्मगुरूनं यावर आख्खा ग्रंथ लिहिला. एकाच अर्थाचे म्हणून वापरले जाणारे शब्द त्यानं जोडीजोडीनं समोर ठेवले आणि प्रत्येकाची जागा वेगळी कशी, ते दाखवलं. तेव्हापासून फ्रेंचांना या खेळाची गोडी लागली ती आजतागायत आहे.

पुढं जिनिव्हामध्ये भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी आपल्या व्याख्यानांत हाच धागा आणखी खोल नेला. ती व्याख्यानं त्यांच्या निधनानंतर, १९१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं म्हणणं असं, की शब्दाचं मोल त्याच्या शेजाऱ्यांमुळं ठरतं. भीतीसाठी फ्रेंचमध्ये ‘रदूते’, ‘क्रँद्र’ आणि ‘आव्वार पर’ असे तीन प्रयोग आहेत. त्यातला ‘रदूते’ नसता, तर त्याचा सगळा आशय उरलेल्या दोघांकडं गेला असता. वाड्यातलं एक बिऱ्हाड उठलं की शेजारी हातपाय पसरतात, तसंच हे.

त्यांचं दुसरं उदाहरण मेंढीचं. फ्रेंच ‘मूतों’ म्हणजे रानातली मेंढीही आणि ताटातलं मांसही. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळं ‘मूतों’चं मोल इंग्रजी शब्दाएवढं नाही. यातला ताटातला इंग्रजी शब्द मुळात फ्रेंचमधूनच गेलेला. तोच पुढं आपल्याकडं ‘मटण’ होऊन आला आणि इथं बहुतेक वेळा बोकडाला चिकटला. एकाच शब्दानं तीन भाषांत तीन वेगळ्या जागा धरल्या.

‘सावुआर’ आणि ‘कोनेत्र’ यांत फरक काय? दोन्ही म्हणजे ‘माहीत असणे’ ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. ‘माहीत असणे’ या एका क्रियापदावर थांबू नका, शेजारी ‘येणे’ आणि ‘ओळखणे’ उभे करा. लगेच उलगडा होतो.

‘मला पोहता येतं’ याला ‘सावुआर’. ‘मला माहीत आहे, की तो पुण्यात राहतो’ यालाही ‘सावुआर’. की, कुठं, केव्हा, का असं काही मागून येत असेल तर दुसरा पर्यायच नाही. ‘मी तिला ओळखतो’, ‘मला नाशिक माहीत आहे’ याला ‘कोनेत्र’. माणूस, गाव, रस्ता, एखादा पदार्थ, ज्याच्याशी आपला परिचय असतो ते सगळं इकडं.

माझं आवडतं उदाहरण कवितेचं आहे. ‘मला ती कविता माहीत आहे’ म्हणजे ऐकली आहे, वाचली आहे: इथं ‘कोनेत्र’. ‘मला ती कविता येते’ म्हणजे आत्ता उभी राहून म्हणून दाखवीन: इथं ‘सावुआर’. मराठी मुलाला हा फरक पहिलीच्या वर्गापासून कळतो. इंग्रजीतून गेलं, की तोच मुलगा अडखळतो.

‘येतं’ आणि ‘शकतो’ यांतला फरकही जसाच्या तसा आहे. ‘पोहता येतं’ म्हणजे कला अवगत आहे: ‘ज से नाजे’. ‘आज पोहू शकतो’ म्हणजे ताप उतरला आहे किंवा तलाव उघडा आहे: ‘ज प नाजे’. दुसऱ्या वाक्यात ‘पुव्वार’ हे क्रियापद आहे.

‘व्वार’–‘रगार्दे’ आणि ‘आंतांद्र’–‘एकुते’ या जोड्या कशा लक्षात ठेवायच्या?

मराठीत ‘मला’ येतं की ‘मी’, एवढंच पाहायचं.

‘मला डोंगर दिसतो’ – ‘व्वार’. ‘मी डोंगराकडं पाहतो’ – ‘रगार्दे’. ‘मला गाणं ऐकू येतं’ – ‘आंतांद्र’. ‘मी गाणं ऐकतो’ – ‘एकुते’. जिथं गोष्ट आपल्यापर्यंत आपसूक पोचते तिथं मराठीत ‘मला’, जिथं आपण मन लावतो तिथं ‘मी’. फ्रेंचमध्ये त्या त्या जागी क्रियापदच बदलतं. ‘मी किल्ली शोधतो’ आणि ‘मला किल्ली सापडली’ यांचंही तसंच: ‘शेर्शे’ आणि ‘त्रुव्हे’.

सगळीकडं ही युक्ती लागू पडत नाही. सिनेमा पाहायला जाणं हे फ्रेंचमध्ये ‘व्वार’नं सांगतात, टीव्ही पाहणं मात्र ‘रगार्दे’नं. पण दहातल्या आठ वेळा ‘मला–मी’ची कसोटी बरोबर उतरते आणि नवशिक्याला तेवढी पुरते.

दुकानात किंवा फोनवर फ्रेंच माणूस ‘ज व्हू झेकुत’ म्हणतो. शब्दशः ‘मी तुमचं ऐकतोय’. आपण तिथं ‘बोला’ म्हणतो. ‘आंतांद्र’मधूनच ‘आंतांत’ हा शब्द झाला आहे: एकमेकांचं समजून घेणं, समझोता. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातला १९०४ चा करार याच नावानं ओळखला जातो.

‘आँ’ आणि ‘आने’, ‘जूर’ आणि ‘जुर्ने’, ‘स्वार’ आणि ‘स्वारे’. दोन-दोन शब्द कशाला?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला दर वेळी आनंद होतो, कारण ते मराठीच्या एका प्रत्ययात बसलेलं आहे. तो प्रत्यय म्हणजे ‘भर’.

आधी वेगळे शब्द पाहू. ‘प्वँ’ म्हणजे मूठ, ‘प्वान्ये’ म्हणजे मूठभर. ‘बुश’ म्हणजे तोंड, ‘बुशे’ म्हणजे तोंडभर, अर्थात घास. ‘ब्रा’ म्हणजे हात, बाहू, आणि ‘ब्रासे’ म्हणजे कवेत मावेल एवढं: कवभर गवत, कवभर फुलं. चमच्याला ‘ए’कारान्त करा, चमचाभर मिळतं. हा शेवटचा ‘ए’ म्हणजे भांडं किती भरलं आहे याचं माप.

आता काळाकडं या. ‘जूर’ म्हणजे दिवस, मोजायचा एक नग. ‘जुर्ने’ म्हणजे दिवसभर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेला दिवस. ‘आँ’ म्हणजे वर्ष हे एकक, ‘आने’ म्हणजे वर्षभराचा पट्टा आणि त्यात घडलेलं सगळं. म्हणून वय सांगताना, तीन वर्षं, दहा वर्षं असं मोजताना ‘आँ’. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देताना ‘बोन आने’, कारण समोरच्याला आख्खं वर्षच्या वर्ष चांगलं जावं ही इच्छा असते. आकड्यासोबत ‘आँ’, विशेषणासोबत बहुधा ‘आने’ असा व्यवहारातला नियम सांगता येतो. त्याला अपवाद आहेत: ‘गेल्या वर्षी’ म्हणताना दोन्ही चालतात.

‘मातँ’ म्हणजे सकाळ आणि ‘मातिने’ म्हणजे सकाळभर. आपल्या थिएटरांच्या फळ्यावर दिसणारा ‘मॅटिनी’ तो हाच. फ्रान्समध्ये मात्र नाटकाचा ‘मातिने’ प्रयोग म्हणजे दुपारचा प्रयोग. पूर्वी तिकडं दुपारचं मुख्य जेवण होईपर्यंत सकाळच मानत, त्या जुन्या सवयीची ही खूण.

मग ‘बोंजूर’ आणि ‘बोन जुर्ने’ कधी म्हणायचं?

येताना ‘बोंजूर’, निघताना ‘बोन जुर्ने’. संध्याकाळी येताना ‘बोंस्वार’, निघताना ‘बोन स्वारे’. तुमचा उरलेला दिवस ‘भरून’ छान जावो, असं निघतानाच म्हणता येतं.

आणि बेकरीत शिरताना ‘बोंजूर’ न म्हणता थेट पाव मागू नका. फ्रान्समधल्या लियों शहरात एका सकाळी मी रांगेत उभी होते. पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकानं आधी ‘बोंजूर’ म्हटलं, काउंटरमागच्या बाईंनी मान वर करून तेच उत्तर दिलं, आणि मगच ‘बागेत’ या लांब पावाचं नाव निघालं. एक परदेशी मुलगा घाईत होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं. बाईंनी शांतपणे ‘बोंजूर’ म्हटलं आणि थांबल्या. त्यानं उत्तर दिल्यावरच पाव कागदात गुंडाळला गेला. रागाचा लवलेश नव्हता, पण पायरी चुकवता येत नव्हती.

‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. इतकं सोपं आहे का?

व्याकरणापुरतं सोपं आहे. या क्रियांनाही फ्रेंचमध्ये नावं आहेत: ‘त्युत्वाये’ आणि ‘व्हुव्वाये’. आपले ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ त्यांच्यासमोर ठेवले तर तराजू अगदी समतोल राहतो. इंग्रजीत यासाठी रोजच्या वापरातला शब्दच नाही.

अडचण नात्यांत येते. आपण आईला तू म्हणतो आणि बऱ्याच घरांत वडिलांना अहो. आजच्या फ्रान्समध्ये बहुतेक घरांत आई, वडील, आजी, आजोबा सगळ्यांना ‘त्यू’. त्यात अनादर नसतो. उलट वयानं लहान पण अनोळखी माणसाला, दुकानातल्या पोराला, वेटरला ‘व्हू’ म्हणावंच लागतं. आपल्याकडं वयानं लहान दिसला की पटकन ‘अरे’ येतं. ती सवय तिथं सोडून द्यावी लागते.

मराठीत नवऱ्याला अहो म्हणणारी बायको आणि तिला अगं म्हणणारा नवरा ही जोडी ओळखीची आहे. फ्रान्समध्ये असं एकतर्फी चालत नाही, नवरा-बायकोंत ‘व्हू’ असलं तर दोन्हीकडून. आज ते फार थोड्या जुन्या घराण्यांत उरलं आहे. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना ‘व्हू’ म्हणत, हे तिथं सर्वांना ठाऊक होतं.

देवाचं काय? फ्रेंच कॅथलिक १९६६ पर्यंत येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत देवाला ‘व्हू’ म्हणत, त्यानंतर ‘त्यू’ आलं. विठ्ठलाला आधीपासूनच अरेतुरे करणाऱ्या आपल्याला हा बदल चटकन समजतो. राज्यक्रांतीच्या ऐन भरात, १७९३ साली, सरकारी कामकाजातही सगळ्यांना सरसकट ‘त्यू’ म्हणण्याचा हुकूम निघाला होता. समता जिभेवरून सुरू करायचा तो प्रयत्न होता. फार टिकला नाही.

एक पायरी आपल्याकडं जास्त आहे, आदरार्थी ‘आपण’. ‘आपण बसावं’मधला सूर ‘व्हू’नं येत नाही, त्यासाठी फ्रेंचला वाक्याची ठेवण बदलावी लागते.

‘ओं’ म्हणजे ‘आपण’ आणि ‘नू’ म्हणजे ‘आम्ही’ असं धरलं तर चालेल का?

नाही, आणि हा गैरसमज हुशार विद्यार्थ्यांचाच होतो. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ ही मराठीची संपत्ती आहे. फ्रेंचकडं ती नाही. ‘ओं’ बोलण्यातला आणि ‘नू’ लिहिण्यातला, जरा औपचारिक. फरक एवढाच. ‘ओं’चा दुसरा उपयोग ‘लोक म्हणतात’, ‘कोणीतरी दार वाजवतंय’ अशा जागी होतो. ‘आम्ही, तुम्ही नव्हे’ असं ठासून सांगायचं असेल, तर ‘नू झोत्र’ म्हणतात. ‘आम्ही कोकणातली माणसं’ म्हणताना जो ठसका असतो, तो तिथं येतो.

‘हो’साठी ‘वी’ आणि ‘सी’ असे दोन शब्द का?

नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर ‘सी’. ‘तू येत नाहीस ना?’ – ‘येतोय की!’ हा जो ‘की’ आहे, तोच ‘सी’. ‘तुला चहा नकोय?’ – ‘हवाय की!’ – ‘सी!’

खरा धोका दुसरीकडं आहे. ‘तू येत नाहीस?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही येत’ असं सहज म्हणतो, समोरच्याचं बरोबर आहे म्हणून ‘हो’. फ्रेंचमध्ये तिथं ‘नों’च म्हणायचं. तुम्ही ‘वी’ म्हणालात तर ऐकणारा गोंधळतो आणि तुम्ही येताय की नाही, हे पुन्हा विचारतो.

नदीसाठी ‘फ्लव्ह’ की ‘रिव्हिएर’? मोठी ती ‘फ्लव्ह’ का?

मोठी-लहानचा संबंध नाही. जी समुद्राला मिळते ती ‘फ्लव्ह’, जी दुसऱ्या नदीला मिळते ती ‘रिव्हिएर’. सेन, ल्वार, गारोन, रोन या ‘फ्लव्ह’. पॅरिसपाशी सेनला मिळणारी मार्न ‘रिव्हिएर’. नॉर्मंडीतली व्हल ही जेमतेम अकराशे मीटर लांबीची नदी आहे, पण ती थेट समुद्रात जाते, म्हणून तीही ‘फ्लव्ह’.

लियोंच्या टोकाला सोन नदी रोनला मिळते. तिथं उभं राहिलं, की दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे वाहताना दिसतात, सोनचं मंद हिरवट आणि रोनचं वेगाचं, निळसर. त्या जागेनंतर नाव रोनचंच उरतं. पुण्याच्या संगमावर वाढलेल्या माणसाला तिथं घर आठवल्याशिवाय राहत नाही. आता ही कसोटी आपल्या नद्यांना लावा: मुठा मुळेला मिळते, मुळामुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या सगळ्या साखळीत ‘फ्लव्ह’ एकटी कृष्णा. पंढरपूरची चंद्रभागा, म्हणजे भीमा, ‘रिव्हिएर’, आळंदीची इंद्रायणीही ‘रिव्हिएर’. उलट कोकणातल्या सावित्री आणि वाशिष्ठी, गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी, लांबीला कमी असूनही ‘फ्लव्ह’. माझ्या वर्गात हा नकाशा काढला, की तो फरक कोणी पुन्हा विसरत नाही.

मराठीतला ‘नद’ इथं उपयोगी नाही. ब्रह्मपुत्र किंवा शोण ‘नद’ आहेत ते पुल्लिंगी नावामुळं, समुद्रामुळं नव्हे.

रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूसही कोणत्याही नदीला ‘रिव्हिएर’ म्हणून जातो. लांबच लांब चालणाऱ्या भाषणाला मात्र ‘फ्लव्ह’चंच नाव जोडतात.

‘नफ’ आणि ‘नूव्हो’ दोन्ही म्हणजे नवीन. कोणतं केव्हा?

‘नफ’ म्हणजे नवाकोरा. ‘नूव्हो’ म्हणजे आधीच्या जागी आलेला दुसरा. शेजाऱ्यांनी दहा वर्षं जुनी गाडी विकत घेतली, तर ती त्यांची ‘नूव्हेल’ गाडी आहे, पण ‘नव्ह’ नाही. (‘नूव्हेल’ आणि ‘नव्ह’ ही स्त्रीलिंगी रूपं.) नवी कोरी वही, कोरं लुगडं, असं जिथं आपल्या तोंडी ‘कोरं’ येतं तिथं ‘नफ’.

आणखी एक गंमत. ‘नफ’चा दुसरा अर्थ नऊ. संस्कृतातही ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊ. लॅटिनमधले दोन वेगळे शब्द फ्रेंचमध्ये घासून एकसारखे झाले. त्या दोन्ही लॅटिन शब्दांचं आपल्या दोन्ही ‘नव’ शब्दांशी दूरचं, पण पक्कं नातं आहे.

विशेषण नामाच्या आधी की नंतर, यानं अर्थ खरंच बदलतो?

काही विशेषणांचा बदलतो, आणि तिथं मराठीत दोन वेगळे शब्द लागतात. ‘पोव्र’ आधी आला तर बिचारा, नंतर आला तर गरीब. ‘ग्रां’ आधी तर थोर, नंतर तर उंच. ‘आंसियँ’ आधी तर माजी (माजी मंत्री), नंतर तर जुन्या काळचा (जुनं कपाट). ‘प्रोप्र’ आधी तर स्वतःचा, नंतर तर स्वच्छ. ‘स्वतःच्या हातांनी’ आणि ‘स्वच्छ हातांनी’ यांत घोळ झालेला मी उत्तरपत्रिकांत कितीदा तरी पाहिला आहे.

आणणे–नेणे यांसाठी चार क्रियापदं का?

आण आणि ने हा दिशेचा फरक आपल्याकडं आहेच. फ्रेंच त्यावर आणखी एक प्रश्न विचारतं: उचलून, की चालवत? वस्तू उचलून आणायची तर ‘आपोर्ते’, न्यायची तर ‘आंपोर्ते’. माणूस किंवा जनावर सोबत आणायचं तर ‘आम्ने’, न्यायचं तर ‘आंम्ने’. डबा ‘आपोर्ते’, भावाला ‘आम्ने’. बोलताना फ्रेंच लोकही वस्तूंना ‘आम्ने’ लावतात आणि त्यांचे शिक्षक ते खोडतात. खाण्याच्या दुकानात ‘स्युर प्लास उ आ आंपोर्ते?’ असं विचारतील: इथंच खाणार, की पार्सल?

‘ज तेम’ आणि ‘ज तेम बियँ’. ‘बियँ’ म्हणजे चांगलं, मग दुसरं वाक्य जास्त प्रेमाचं ना?

उलट. नुसतं ‘ज तेम’ म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. ‘बियँ’ जोडलं की ते ‘तू मला आवडतोस, चांगला मित्र आहेस’ इथवर खाली येतं. शब्द वाढला आणि भावना उतरली. कोणाला लिहून पाठवण्याआधी हे नक्की ध्यानात ठेवा, यात माणसं दुखावतात. ‘आदोरे’ हे क्रियापद ऐकायला भक्तीचं वाटतं, पण चॉकलेट, मांजर, मालिका सगळ्यालाच लावतात: ‘मला भयंकर आवडतं’.

‘आंब्रासे’ म्हणजे मिठी मारणे का?

शब्दात ‘ब्रा’, म्हणजे बाहू, आहे. मूळ अर्थ मिठीचाच होता. आज त्याचा अर्थ चुंबन घेणे. जुन्या शब्दकोशावर विसंबू नका.

‘काम’ या अर्थाचे इतके शब्द आहेत, त्यांत निवड कशी करायची?

‘त्राव्हाय’ सर्वसाधारण काम, नोकरी, श्रम. ‘बुलो’ तेच, पण मित्रांच्या गप्पांतलं, अर्जात लिहायचं नाही. ‘ताश’ नेमून दिलेलं काम. ‘उव्राज’ हातानं घडवलेलं, दाखवता येईल असं काम. ‘बझोन्य’ कष्टाचं, आता थोडं पुस्तकी.

‘कोर्व्हे’पाशी मात्र थांबायला हवं. सरंजामी काळात शेतकऱ्यानं जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, पुढं राजाचे रस्ते बांधायचे, मजुरी नाही. आपल्याकडची वेठ. १७८९ च्या क्रांतीत ही पद्धत संपली, शब्द उरला. आज भांडी घासायची पाळी आली, की फ्रेंच मुलं त्याला ‘कोर्व्हे’ म्हणतात. आपणही अनिच्छेनं केलेल्या कामाला ‘वेठ मारली’ म्हणतोच. दोन्ही समाजांत शेतकऱ्याच्या पाठीवरचं ओझं असं घरगुती बोलण्यात उतरलेलं आहे. म्हणूनच कोशात ‘कंटाळवाणं काम’ हा अर्थ वाचून मला समाधान होत नाही.

कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतात याच शब्दाला वेगळी कळा आली. तिथं ‘कोर्व्हे’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपखुशीनं एकत्र येऊन एखाद्याचं कोठार उभं करून देणं. त्याला वेठ म्हणणं चूक ठरेल, तिथं आपला ‘इर्जिक’ हा शब्द शोभतो.

पावसाचे शब्द फ्रेंचमध्येही आहेत का?

आहेत, आणि मराठी माणसाला ते शिकायला फार वेळ लागत नाही. ‘आव्हेर्स’ म्हणजे सर. ‘ब्रुईन’ म्हणजे भुरभुर, आणि ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची बारीक, चिकट भुरभुर ‘क्राशँ’. मार्चमध्ये अचानक येणारी, बऱ्याचदा गारांची सर म्हणजे ‘जिबुले’. अचानकपणा वळवाचा, पण उन्हाचा तडाखा आणि मातीचा वास नाही, ती थंडीतली आहे. आपल्याकडं मुसळधार, तिकडं पाऊस ‘दोरांनी’ पडतो. बेल्जियममध्ये जोरदार सरीला ‘द्राश’ म्हणतात. विदर्भातली झड, चार-चार दिवस न उघडणारी, तिला एका शब्दात काही मिळत नाही. ‘न थांबता पडतोय’ असं फोडून सांगावं लागतं.

फ्रेंचपेक्षा मराठी जास्त बारीक कुठं आहे?

नात्यांत. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघींना फ्रेंचमध्ये एकच शब्द, ‘बेल सर’. काका आणि मामा दोघंही ‘ओंक्ल’. ‘बेल मेर’ म्हणजे सासूही आणि सावत्र आईही, संदर्भानंच ओळखायचं. भाषांतर करताना मूळ मजकुरातली वंशावळ काढून बसावं लागतं.

उलट आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. फ्रेंचमध्ये त्याला दोन वेगळे शब्द आहेत.

क्युबेकमधल्या नातेवाइकांनी ‘दिने’ला बोलावलंय. रात्री जायचं ना?

आधी विचारून घ्या. फ्रान्समध्ये ‘देजने’ दुपारचं जेवण आणि ‘दिने’ रात्रीचं. क्युबेक, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘देजने’ म्हणजे सकाळची न्याहारी, ‘दिने’ दुपारचं जेवण, ‘सुपे’ रात्रीचं. मुलांसाठी फ्रान्समध्ये सर्रास वापरला जाणारा ‘गोस’ हा शब्दही क्युबेकमध्ये टाळा, तिथं तो पुरुषाच्या अवयवासाठीचा असभ्य शब्द आहे.

कोणता शब्दकोश वापरावा?

फ्रेंच–फ्रेंच, आणि लवकरात लवकर. सुरुवातीला लारूस किंवा रोबेर. वाचन वाढलं की ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ पाहा. तो १६ खंडांत, १९७१ ते १९९४ या काळात छापला गेला आणि आता इंटरनेटवर फुकट आहे. त्यात प्रत्येक अर्थाखाली खरी वाक्यं मिळतात, आणि शब्दाची छटा वाक्यातच कळते. समानार्थी शब्दांसाठी फ्रान्समधल्या ‘कां’ (Caen) शहरातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोश चांगला आहे, पण तो यादी देतो, फरक सांगत नाही. यादीतून शब्द उचलून निबंधात पेरू नका, परीक्षकाला ते लगेच दिसतं.

वहीत हे सगळं कसं लिहून ठेवायचं?

शब्द आणि त्यासमोर एक अर्थ, अशी दोन रकान्यांची वही करू नका. एक पान एका कुटुंबाला द्या आणि प्रत्येक शब्दासमोर तो कुठं भेटला ते लिहा. माझ्या वहीतलं भीतीचं पान असं आहे:

‘आव्वार पर’: घाबरणं. अंधार, कुत्रा, साप. लहान मुलंही हेच म्हणतात.

‘रदूते’: धास्ती घेणं. निकालाची, ऑपरेशनची, एखाद्या फोनची. पुढं येणारं माहीत आहे आणि नको आहे.

‘फ्रेयर’: दचकणं, अंगावर काटा. क्षणात येते, क्षणात जाते.

‘तेरर’: दहशत. राज्यक्रांतीतल्या १७९३–९४ च्या काळाला हेच नाव.

‘त्राक’: रंगमंचावर जाण्याआधीची. पोटात गोळा, हात गार. पडदा वर गेला की संपते.

‘क्रँद्र’: भिऊन असणं, जपून असणं, थोडं औपचारिक. शिवाय वस्तूंनाही लागतं. हे मला कोशात आधी दिसलं नव्हतं. लियोंच्या रविवारच्या बाजारात एका कुंडीला चिठ्ठी लावली होती: ‘क्रँ ल फ्र्वा’. रोप थंडीला भितं, म्हणजे थंडी सोसत नाही. रात्री आत घ्या.